आडातली नळी

राजमतीच्या घरात बर्फ नव्हता, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथंच होतं.

फ्रीज होता. त्यात दूध होतं, भाजी होती, आक्कांच्या गुडघ्याचं मलम होतं. बर्फाचा ट्रे मात्र आक्कांनी फ्रीज घरात आला त्याच दिवशी काढून घेतला होता आणि त्याच्या चौकोनांत बटणं, सुया, दोऱ्याची रिळं मांडून ठेवली होती. जैनाच्या घरात बर्फ म्हणजे अभक्ष्य. निपाणीतली तरणी पोरं हल्ली बटाटेवड्यापुढं डोळे मिटून घेतात. पण आक्का, म्हणजे राजमतीची थोरली विधवा नणंद, चालत्या-फिरत्या असेपर्यंत या घरात बर्फ येणार नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता ज्याच्या घरात समुद्र नाही, त्याचं बर्फावाचून काही अडत नाही. राजमतीच्या घरात होता. सोप्यात, जिथं पूर्वी टीव्ही होता तिथं, चार फूट लांबीचा.

तो आला बेळगावहून. टिळकवाडीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी पेशंट घाबरू नयेत म्हणून दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. राजमतीची दाढ चांगलीच खोल किडलेली, त्यामुळं तोंड उघडं ठेवून ती टाकी बघत बसण्याचा योग तिला पुष्कळ आला. मग डॉक्टर लेकाकडं ऑस्ट्रेलियाला निघाले. "ही टाकी कुणी नेतं का बघायला पाहिजे," असं ते म्हणाले आणि राजमती अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाली, "मी." धनपालला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाटलं भुलीचं इंजेक्शन बोलतंय. पण भूल उतरली तरी बायको तेच बोलत होती. तेव्हा त्यानं निमूट टेम्पो ठरवला. हायवेनं निपाणीपर्यंत राजमती मागं, ओल्या गोणपाटानं झाकलेल्या बादल्यांना धरून बसली. टोलनाक्यावरच्या माणसानं विचारलं, आत काय? ती म्हणाली, समुद्र. त्यानं पावती फाडली.

पोवळं म्हटलं की आपल्याकडं लोकांना मंगळाची अंगठी आठवते. राजमतीची पोवळी जिवंत होती. एक छत्रीसारखं पसरलेलं, एक शेवंतीच्या वाफ्यागत बारक्या फुलांचं, एक जांभळं, हाताच्या बोटांसारखं. ती उजेडावर जगायची. वरचा दिवा मालवला की जेवण बंद. "दिवस मावळल्यावर अन्न न्हाय," राजमती आक्कांना सांगायची, "आपल्यापेक्षा कडक हाईत." मासा एकच, तपकिरी, बटबटीत डोळ्यांचा. त्याचं नाव पाटील, कारण दिवसभर दगडावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा. तो शेवाळ खायचा. शेवाळही अभक्ष्यच, पण तेवढं पाप राजमतीनं ज्याचं त्याच्यावर सोपवलं होतं.

बाकी सगळं ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली. बोलणाऱ्यांचं इंग्रजी कळायचं नाही, आकडे कळायचे. तिला सगळ्यात लवकर कळलेला आकडा होता पाण्याच्या तापमानाचा. सव्वीस-सत्तावीसला पोवळी सुखात. एकोणतीसच्या पुढं ती कावरीबावरी होतात. आणि तिसाच्या वर पाणी राहिलं, तर ज्या बारक्या जिवांमुळं त्यांना रंग असतो, पोट भरतं, त्यांनाच ती अंगातून बाहेर काढतात. मग पांढरी पडतात आणि उपाशी मरतात. गरमी वाढली की घरच्याच माणसांना घराबाहेर काढायचं, ही रीत समुद्रातही आहे हे ऐकून राजमतीला नवल वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिनं दोन पंखे पाण्यावर लावून निभावलं होतं. माठात पाणी जसं गार होतं, तसं. यंदा मात्र चैत्रातच पत्रे तडतडायला लागले, लाईट येरझाऱ्या घालायला लागली. लोक असल्या वेळी बाटलीत बर्फ भरून टाकीत तरंगत सोडतात. इथं ट्रेमध्ये सुया.

तेव्हा तिला घरामागच्या परड्यातला आड आठवला. आडाचं पाणी भर उन्हातही गार. धनपालचं ठिबक सिंचनाचं दुकान. तिनं बिनभोकाची काळी ठिबकची नळी भलं मोठं वेटोळं करून आडात सोडली. टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती, तिच्यातला पंप खारं पाणी नळीत ढकलायचा. ते आडात फेरी मारून, अंग निववून, पुन्हा वरच्या टाकीत यायचं. खारं पाणी नळीच्या आत, आडाचं बाहेर. दोघांची गाठ नाही. कुणीतरी तांब्याची नळी सुचवली होती, लवकर गार होईल म्हणून. पण तांबं म्हणजे पोवळ्यांना विष, हेही तिला ठाऊक झालं होतं. आक्कांच्या पूजेचा तांब्यासुद्धा ती टाकीजवळ येऊ द्यायची नाही.

सत्तावीसवर काटा स्थिर झाला. राजमतीला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात महाराज येणार असल्याचं कळलं.

बातमी घेऊन आले अभिनंदन अण्णा, तिचे थोरले दीर. शेजारीच भिंतीला भिंत लावून राहायचे, बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, ट्रस्टी होते, आणि आड दोघा भावांत सामायिक होता. चिकोडीकडून मुनिमहाराजांचा पायी विहार इकडं होणार होता, काही दिवस मुक्काम बस्तीत. आहारासाठी घरोघर चौके, म्हणजे सोवळ्यातली स्वयंपाकघरं, लागणार. चौक्याला आडाचंच पाणी लागतं, आणि गल्लीत आड उरला होता तो एवढाच. बाकीचे बुजवून लोकांनी वर मोटारी उभ्या केल्या होत्या.

"राजमती, ती नळी काढायची," अण्णा म्हणाले.

"कुठली नळी?"

"सोंग करू नकोस. आडात सापागत सोडलीस ती."

"ती न्हाय निघायची, अण्णा. आजच चाळीसला टेकलंय ऊन."

"आणि फुटली तर? सगळं खारं पाणी आडात. मग महाराजांच्या आहाराला पाणी कुठनं आणणार, तुझ्या टाकीतनं?"

भीती खोटी नव्हती. राजमती स्वतःच रोज सकाळी आडाचं पाणी जिभेला लावून बघत होती. पण हे काही ती अण्णांना सांगणार नव्हती.

"तुमच्या भावाच्या दुकानातली नळी हाय. ती जर फुटायची असंल तर गिऱ्हाइकांनी काय करायचं?"

धनपाल हसला. मग थोरल्या भावाचा चेहरा बघून खोकला.

"काही दिवस पंखे लाव," अण्णा म्हणाले.

"आहाराच्या वेळी घरात पंखा फिरवायचा न्हाय, किडा-मुंगी मरती, हे कोण म्हणालं? तुम्हीच."

"मग बर्फ..." अण्णांच्या तोंडून निसटलं. कोपऱ्यात डाळ निवडत बसलेल्या आक्कांनी मान वर केली आणि भावाकडं असं बघितलं, की तो शब्द अण्णांनी तिथंच गिळला.

"नाहीतर सोडून दे सगळं वेदगंगेत. सुटतील बिचारे."

"खाऱ्यातला जीव गोड्यात? घटकाभर जगायचा न्हाय. सुटतील कसलं, मरतील."

"जीव कोंडून ठेवलेत ते ठेवलेत, वर तोंड करून बोलतीस!"

"आणि तुमच्या गोठ्यातली म्हस काय पाव्हणी म्हणून आलीया व्हय?"

"धनपाल, बायकोला सांग!"

धनपाल आयुष्यात बायकोला काही सांगून फायदा झाल्याचं आठवत असल्यासारखा छताकडं बघत राहिला. आठवलं नाही.

राजमती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज खाली आला की घरातले सावध व्हायचे.

"अण्णा, ऐका. चौक्याचं पाणी आडातनं हातानं ओढायचं असतंय. आक्कांचा खांदा गेलाय. वैनी पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला. ऱ्हायली कोण? मी. नळी निघाली, तर मी पाणी ओढणार न्हाय आणि चौक्यात उभीबी ऱ्हाणार न्हाय. मग तुम्ही दोघं भाऊ मिळून कणिक मळा."

महाराजांच्या आहाराला नाही म्हणणारी सून या घराण्यात अजून जन्माला आली नव्हती, बाहेरून आलेलीही नव्हती. तिलाही महाराज दारात यायला हवे होते. लग्न झाल्यापासून एकदाच आले होते, आणि तेव्हा तिच्या हातचा घास त्यांच्या ओंजळीत पडला होता, तो दिवस ती विसरली नव्हती. पण आत्ता माघार घेतली असती तर शेवंतीचा वाफा दोन दुपारींत पांढरा झाला असता, हेही तिला दिसत होतं.

"ऱ्हाऊ दे नळी," आक्का डाळीकडं बघतच म्हणाल्या. "पलीकडच्या कडेला सारा, पोहऱ्याला लागू नये अशी."

"साकु! बास झालं," अण्णा कानडीवर आले. रागावले की यायचे. "काही झालं तर माझ्याकडं येऊ नका."

त्या संध्याकाळी आक्का पहिल्यांदा आपणहून टाकीसमोर येऊन बसल्या. एरवी त्या सोप्यातून जाताना टाकीकडं पाठ करूनच जायच्या.

"ते काचेवर पांढरं पांढरं काय उड्या मारतंय गं?"

"बारकं जीव हाईत ते. तिळाच्या टोकाएवढं. असलं लाखभर असतील पाण्यात. न दिसणारं आणि वेगळंच."

आक्कांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आणि ते पाणी पंपातनं जातंय?"

"जातंय की. आडाकडनं फिरून परत येतंय."

"ह्या जिवांसकट?"

"आक्का, झोपायची येळ झाली," राजमती म्हणाली, कारण दिवसभर वाद घालून तिचा जीव आंबला होता. आक्का बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.

चौक्याच्या दिवशी राजमती उजाडायच्या आत न्हाली, सोवळ्याची साडी नेसली आणि आडावर गेली. पोहरा सोडला, ओढला, घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणं बांधून पाणी गाळलं. मग गाळणं उलटं केलं, गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुतलं, आणि ते धुतलेलं पाणी, जिवाणी म्हणतात ते, पोहऱ्यातून पार तळापर्यंत सोडलं. वरून ओतायचं नाही. कपड्यात अडकलेला जीव आपटून मरतो. ज्या आडातला जीव त्याच आडात, दुसऱ्या पाण्यात नाही. हे तिला आक्कांनीच शिकवलं होतं, नवी नवरी असताना, हातावर चापट मारून. पोहऱ्याशेजारी काळी नळी गप्प बुडालेली होती. राजमतीनं पाणी जिभेला लावलं. गोड.

मग पाणी उकळणं, दळण, दूध, फळं चिरणं. पंखे बंद. घर भट्टीगत तापलेलं. टाकीवर एक नजर टाकायलाही सवड नव्हती, आणि हात लावायची तर सोयच नाही. सोवळ्यात टाकीला हात लागला की सोवळं मोडलं.

आहाराची वेळ झाली तशी गल्लीतली दारंच्या दारं माणसांनी भरली. महाराज मनात काहीतरी नेम धरून निघतात. त्या नेमातली खूण ज्या दारात दिसेल तिथंच थांबतात. नेम काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून कुणी कलश धरून उभं, कुणी नारळ, कुणी लिंबू, कुणी सगळंच. राजमती आणि धनपाल उंबऱ्यात कलश धरून उभे होते, अण्णा बाजूला आंबे घेऊन. मागं आक्का.

गल्लीच्या टोकाला महाराज दिसले. उजवा हात खांद्यावर ठेवलेला, दुसऱ्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, चाल संथ. दारादारातून आवाज उठायला लागला, "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ..."

आणि राजमतीच्या पाठीमागं टाकीचा अलार्म वाजायला लागला. टिट्. टिट्. टिट्.

एकोणतीस झाल्यावर तो वाजावा असं तिनंच लावून ठेवलं होतं. तिनं मान वळवली. शेवंतीचा वाफा मिटून गेला होता, फुलं नव्हतीच, नुसती बोंडं. पाटील दगड सोडून वर, पाण्याच्या तोंडाशी आला होता. आणि जिथून आडाकडून आलेलं पाणी धो धो पडायचं, तिथून नुसती करंगळीएवढी धार.

"ते बंद कर," अण्णा ओठ न हलवता म्हणाले.

"धार तुटलीया."

"महाराज आले! हलू नकोस."

महाराज दोन दारं पलीकडं होते. राजमतीला त्यांचे धुळीनं भरलेले पाय दिसत होते. तिनं एकदा त्या पायांकडं बघितलं, एकदा मागं. मग वळून कलश आक्कांच्या हातात दिला.

"आक्का, धरा."

"राजमती!" अण्णांचा आवाज फुटला. "पाऊल उचललंस तर बघ!"

तिनं उचललं.

कपाटाचं दार उघडून ती गुडघ्यांवर बसली आणि सोवळ्याच्या बाह्या न सारता दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात घातले. पाणी तिच्या हाताला कोमट लागलं. पंप चालू होता, नुसता घरघरत होता, त्याला ओढायला पाणी मिळत नव्हतं. तिनं पंपाच्या तोंडाशी बोटं नेली आणि थबकली. कापड. जाड, घट्ट विणीचं, दुहेरी. वर सुताची गाठ. ती गाठ तिला न बघताही ओळखता आली असती. आयुष्यभर घागरीच्या तोंडावर तिनं तीच गाठ मारली होती, आणि जिनं शिकवली ती आत्ता दारात कलश धरून उभी होती.

कापडावर शेवाळाचा बुळबुळीत थर साचला होता. गाठ सोडवताना राजमतीला हसावं की रडावं कळेना. कापड निघालं. पंपानं एक आचका दिला आणि वरच्या टाकीत पाणी धाडकन पडायला लागलं, गार, आडाच्या पोटातून आलेलं.

बाहेर "अत्र तिष्ठ, तिष्ठ" हा आक्कांचा चिरका आवाज उठला. मग पावलं. पावलं थांबली नाहीत. पुढं गेली, आणि गल्लीच्या वरच्या अंगाच्या एका दारातून एकदम आनंदाचा गलका झाला.

अण्णा आत आले तेव्हा आंबे अजून हातातच होते.

"गेले. दारावरनं गेले महाराज! झालं तुझ्या मनासारखं?"

राजमती उठली. साडीतून खारं पाणी ठिबकत होतं.

"अण्णा, महाराजांचा नेम काय होता, तुम्हाला सांगून निघाले होते व्हय ते?"

"सरळ दिसतंय की! अपशकुनासारखा भोंगा वाजत होता घरात!"

"गल्लीत एवढी दारं. एकाच दारात थांबले. बाकीच्या समद्या घरात टाक्या हाईत काय?"

"वाद घालू नकोस. ती नळी आत्ताच्या आत्ता निघणार."

"न्हाय निघणार. उद्या मी पुन्हा न्हाऊन आडावर जाईन, पाणी ओढीन, गाळीन, चौका लावीन. आले तर माझं भाग्य. न्हाय आले तर परवा पुन्हा. पण नळी हाय तिथंच ऱ्हाईल. भाग्य उजळायचं म्हणून घरातला जीव शिजवायचा, असलं मला कुणी शिकवलं न्हाय, आणि शिकवलं असतं तरी मी शिकले नसते."

तिच्या हातातलं ओलं कापड अण्णांना आत्ता दिसलं.

"हे काय?"

दारातून आक्का आत आल्या होत्या, कलश छातीशी धरून. त्यांचा चेहरा गाळण्याच्या रंगाचा झाला होता.

"मी बांधलं," आक्का म्हणाल्या. "रातच्याला झोपच लागंना. म्हटलं, लाखभर जीव त्या पंपात चालल्यात, फिरफिर फिरायलेत. आडाच्या पाण्याला गाळणं, आणि ह्याला नको? पहाटं सोवळं नेसायच्या आधी बांधून टाकलं." मग हळूच, "मेले काय गं?"

"न्हाय मेले. घाबरलेत जरा."

"मला सांगायचं न्हाईस, पाणी अडतंय म्हणून."

"तुम्ही विचारायचं न्हाई, आक्का."

"मी कशाला विचारू? मी पाठ करून जाणारी बाई!"

राजमती हसली. तोंडावर पदर घ्यायला गेली, तो खारट लागला. धनपाल दारातच उभा होता, तोही हसला, आणि या वेळी खोकला नाही.

आक्कांनी कलश देव्हाऱ्यात ठेवला, येऊन राजमतीच्या हातातलं कापड घेतलं आणि उलटं केलं.

"तांब्या चालायचा न्हाय न्हवं ह्या पाण्याला?"

"न्हाय. हा घ्या." राजमतीनं प्लास्टिकचा मग टाकीतून भरून दिला.

आक्का गुडघा धरत टाकीपाशी बसल्या. उलट्या कापडावर हलक्या हातानं पाणी सोडत, बोटांनी न चोळता, त्यांनी ते तसंच छोट्या टाकीत धुतलं, पाण्याला टेकवून, वरून न ओतता. एक कोपरा झाला की दुसरा. तोंडानं णमोकार मंत्र चालू होता. अण्णा बघत होते. थोरल्या बहिणीला जिवाणी सोडताना अडवायचं, ही छाती त्यांच्यात नव्हती. मग ते आंबे घेऊन परड्यात गेले.

"उद्या पंपाच्या तोंडाला मोठ्या भोकाचा स्पंज बांधूया, आक्का. पाणी जाईल, पाटील अडंल."

"आणि बारके?"

"बारके जातील आणि येतील. मी काय करू, त्यांना तीच सवय हाय."

आक्कांनी यावर विचार केला. पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

काटा अठ्ठावीसवर आला होता, उतरत होता. शेवंतीच्या वाफ्यात कडेचं एक बोंड, अजून भ्यालेलं, अर्धं उघडलं होतं. राजमती पुन्हा न्हाली, दुसरी साडी नेसली आणि दुपारच्या पाण्यासाठी दोर घेऊन आडावर गेली.

अण्णा तिथंच उभे होते. आंबे कट्ट्यावर ठेवलेले, एक हात आडाच्या काठावर, काळ्या नळीवर. ओढायची ठरवली असती तर एका हिसक्यात निघाली असती.

"सरका, अण्णा," राजमती म्हणाली. "पाणी ओढायचंय."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. आतून आक्कांचा आवाज आला, चढा, पूर्वीचा, हातावर चापट मारायच्या दिवसांतला:

"अभिनंदन! ती वरची नळी उन्हात तापायली. जाताजाता एक ओलं गोणपाट टाक तिच्यावर!"

अण्णांनी गोणपाट टाकलं नाही. ट्रस्टी माणूस. पण नळीवरचा हात काढला, आंबे उचलले आणि ते बाजूला सरकले. राजमतीनं पोहरा सोडला, पलीकडच्या कडेनं, नळीला लागू न देता. पाणी वर आलं तशी तिनं घागरीवर दुहेरी कापड ताणलं आणि गाठ मारली. मग कोपऱ्यातलं गोणपाट पाण्यात बुडवून तिनं स्वतःच नळीवर टाकलं.